लायब्ररीत पुस्तक ‘नाही’ म्हणताय? आधी कॅटलॉगमध्ये असं शोधून बघा

कारंजा (घाडगे) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचं तालुक्याचं गाव. जिल्हा वर्धा, पण विद्यापीठ नागपूरचं. बारावी झाली की इथली बरीच पोरं-पोरी गावातल्याच कॉलेजात बीए, बीकॉम, बीएस्सीला प्रवेश घेतात. काही जण आर्वी, वर्धा नाहीतर थेट नागपूर गाठतात. कॉलेज कुठलंही असो, पहिल्या सेमिस्टरमध्ये एक वेळ सगळ्यांवर येते. सर किंवा मॅडम असाइनमेंट देतात, फळ्यावर तीन-चार संदर्भग्रंथांची नावं लिहितात आणि सांगतात, “लायब्ररीत बघा.”

पोरगा लायब्ररीत जातो. तिथल्या कॉम्प्युटरवर पुस्तकाचं नाव टाकतो. स्क्रीनवर येतं, ‘नो रिझल्ट्स फाउंड’. तो बाहेर येतो आणि गाईड विकत घेतो, नाहीतर टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेली तिरपी स्कॅन केलेली पीडीएफ शोधत बसतो. गंमत म्हणजे अनेकदा ते पुस्तक त्याच इमारतीत असतं आणि ग्रंथालयाची फी प्रवेशाच्या वेळीच भरून झालेली असते.

पुस्तक नसणं आणि पुस्तक न सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला की पैसे वाचतात, वेळ वाचतो आणि नागपूरची एक फुकटची चक्करही वाचते. तर लायब्ररीचा कॅटलॉग नेमका चालतो कसा आणि त्यातून पुस्तक काढायचं कसं, ते बघूया.

कॅटलॉग म्हणजे काय आणि ओपॅक म्हणजे काय?

ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाची एक नोंद केलेली असते. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय, दाखल क्रमांक आणि ते कुठल्या कपाटात ठेवलंय ते सांगणारा नंबर. या सगळ्या नोंदी एकत्र म्हणजे कॅटलॉग, मराठीत ग्रंथतालिका. पूर्वी या नोंदी छोट्या जाड कार्डांवर असायच्या आणि ती कार्डं लाकडी खणांमध्ये ओवून ठेवलेली असायची. आता त्या कॉम्प्युटरवर असतात. वाचकांना स्वतः शोधता येणाऱ्या या कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगला म्हणतात ‘ऑनलाइन पब्लिक अ‍ॅक्सेस कॅटलॉग’, म्हणजे ओपॅक.

ओपॅक कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतो. आपल्याकडे काही नावं नेहमी दिसतात:

- सोल: गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्रानं विद्यापीठ आणि कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी बनवलेलं.
- लिबमॅन: नागपूरच्या कंपनीचं, त्यामुळं विदर्भातल्या कॉलेजांमध्ये बऱ्यापैकी दिसणारं.
- स्लिम: पुण्यात तयार झालेलं.
- कोहा: न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९ साली बनवायला घेतलेलं आणि सगळ्या जगाला मोफत दिलेलं. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट.

प्रत्येकाची स्क्रीन वेगळी दिसते, पण शोधायचे रकाने सगळीकडे जवळपास सारखेच असतात. शीर्षक, लेखक, विषय आणि ‘सगळीकडे शोधा’.

गूगलवर सापडतं, मग इथं का नाही?

कारण गूगल तुमच्या चुका समजून घेतं. स्पेलिंग चुकलं तरी ‘तुम्हाला हे म्हणायचंय का’ असं विचारतं. ओपॅक बहुतेक वेळा तसं करत नाही. तुम्ही टाकलेली अक्षरं आणि ग्रंथालयात कुणीतरी टाइप केलेली अक्षरं जुळतात का, एवढंच तो बघतो.

दुसरं म्हणजे ओपॅक पुस्तकाच्या आत शोधत नाही. पुस्तकात ३०० पानं असतील, पण ओपॅकला माहिती असतात त्या नोंदीतल्या आठ-दहा ओळी. त्यामुळं ‘भारतातील शेतकऱ्यांच्या समस्या आणि उपाय’ असा असाइनमेंटचा अख्खा मथळा टाकला तर काहीच येणार नाही. त्या नावाचं पुस्तक असेल तरच येईल.

म्हणजे ओपॅकला प्रश्न विचारायचा नसतो. नोंद कशी लिहिली असेल, याचा अंदाज बांधायचा असतो.

एक उदाहरण घेऊ: शेतकऱ्याचा असूड

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेलं हे पुस्तक. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कुठल्याही विषयाच्या यादीत ते येऊ शकतं. समजा, ओपॅकमध्ये तुम्ही ‘शेतकऱ्याचा असूड’ असं पूर्ण नाव टाकलं आणि काहीच आलं नाही. पुस्तक असूनही असं होण्याची किमान चार कारणं आहेत.

१. असूड की आसूड? पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दोन्ही रूपं छापलेली सापडतात. नोंद ‘आसूड’ अशी असेल आणि तुम्ही ‘असूड’ टाकलं, तर विषय संपला.

२. ‘ऱ्या’चा घोळ. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे वाटतात. त्यात कुणी ‘शेतकर्‍याचा’, तर कुणी सरळ ‘शेतकर्याचा’ असं लिहून ठेवलेलं असतं.

३. नोंद मराठीत नसेलच. मराठी युनिकोड सगळीकडे पोहोचण्याआधी अनेक ग्रंथालयांनी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या. तिथं ‘फुले’ हे नाव कुणी पी-एच लावून लिहिलं, कुणी एफ लावून. जोतीरावांचे तर जोतिबा, जोतिराव, ज्योतिराव, ज्योतिबा असे कितीतरी अवतार झाले.

४. पुस्तक दुसऱ्या पुस्तकाच्या पोटात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध केलं. पुढं त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. ‘असूड’ त्यातच आहे. ग्रंथालयात वेगळी प्रत नसली तरी हा जाडजूड ग्रंथ असण्याची चांगली शक्यता आहे. पण आतल्या पुस्तकांची नावं नोंदीत लिहिली नसतील, तर ‘असूड’ टाकून तो कधीच येणार नाही. आणि ‘वाङ्मय’ टाकून शोधाल तर तिथंही सांभाळा. हा शब्द कितीतरी ठिकाणी ‘वाड्मय’ किंवा ‘वाङमय’ असा टाइप झालेला असतो.

मग शोधायचं कसं?

- पूर्ण नाव टाकू नका. त्यातला एकच ठळक आणि चुकायला कठीण असा शब्द निवडा. इथं लेखकाच्या रकान्यात फक्त ‘फुले’ टाकणं सगळ्यात सोपं. वीस-तीस नोंदी आल्या तर चालतील, नजर फिरवायला एक मिनिट लागतं.
- आडनावापासून सुरुवात करा. बहुतेक कॅटलॉगमध्ये लेखक ‘फुले, जोतीराव’ असा आडनाव आधी लिहून नोंदवलेला असतो. ‘महात्मा’, ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘संत’ या उपाध्या गाळून टाका.
- शब्द अर्धवट सोडा. कोहासारख्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाचा सुरुवातीचा भाग लिहून पुढं तारा दिला की त्या भागापासून सुरू होणारे सगळे शब्द येतात. ‘शेतक*’ टाकलं की ‘ऱ्या’च्या भानगडीत पडायचं कामच नाही.
- दोन्ही लिपींत शोधा. देवनागरीत एकदा, रोमनमध्ये एकदा. रोमनमध्ये ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही करून बघा. ‘वर्धा’ डब्ल्यूनं लिहितात आणि ‘विदर्भ’ व्हीनं, त्यामुळं एकच नियम लावून चालत नाही.
- समग्र, निवडक, संपादित यांच्याकडे लक्ष द्या. हवा असलेला लेख, कविता किंवा छोटं पुस्तक वेगळं मिळालं नाही तर त्या लेखकाचं ‘समग्र’ किंवा ‘निवडक’ काही आहे का बघा.

टोपणनावाचा लेखक

मराठीच्या विद्यार्थ्यांना ही अडचण हमखास येते. ‘विशाखा’ हा कवितासंग्रह कुसुमाग्रजांचा, तर ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एकच, पण पुस्तकांवर नावं दोन. काही ग्रंथालयं दोन्ही पुस्तकं एकाच नावाखाली आणतात, काही पुस्तकावर छापलंय तसंच ठेवतात. नागपूरचे कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. एका नावानं सापडलं नाही तर दुसरं टाकून बघायचंच.

ज्यांच्या नावानं आपलं विद्यापीठ आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचंही तसंच. त्यांची ‘ग्रामगीता’ काढायची तर लेखकाच्या रकान्यात फक्त ‘तुकडोजी’ टाका. ‘राष्ट्रसंत’ किंवा ‘महाराज’ लिहिलं आणि नोंदीत ते नसेल, तर अडलात.

नाव माहिती नाही, फक्त विषय माहिती आहे

हा खरा कठीण पेपर. समजा, असाइनमेंट आहे ‘नई तालीम’. विषय तर वर्ध्याचाच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना पुढं आली.

आता या एकाच गोष्टीची नावं मोजा. नई तालीम, वर्धा शिक्षण योजना, मूलोद्योग शिक्षण, बुनियादी शिक्षा, बेसिक एज्युकेशन. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांत वेगवेगळा शब्द येणार. ग्रंथपालांनी विषयाच्या रकान्यात यातला कुठला लिहिलाय, ते तुम्हाला माहिती नसतं.

यावर एक साधी युक्ती आहे. कुठल्याही शब्दानं एक तरी बरोबर पुस्तक सापडवा. मग त्याची पूर्ण नोंद उघडा आणि ‘विषय’ या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. तोच शब्द घेऊन पुन्हा शोधा. अनेक ओपॅकमध्ये त्या शब्दावर नुसतं क्लिक केलं की त्या विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात. एक पुस्तक सापडलं की त्याचे भाऊबंद तेच दाखवतं.

एका नावाची दोन गावं

शोधताना उलटी अडचणही येते. काहीच न येण्याऐवजी भलतंच येतं. कारंजा (घाडगे)बद्दल प्रकल्प करायचा म्हणून नुसतं ‘कारंजा’ टाकलं, तर वाशिम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) समोर येण्याची शक्यता जास्त. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून आणि जुन्या जैन ग्रंथभांडारांमुळं त्या गावावर लिहिलेलं साहित्य अधिक आहे. अशा वेळी सोबत दुसरा शब्द जोडा. ‘कारंजा वर्धा’, ‘कारंजा आर्वी’ किंवा ‘कारंजा घाडगे’. गावाच्या नावावर काहीच नसेल तर एक पायरी वर चढा आणि ‘वर्धा जिल्हा’ शोधा. जिल्ह्याच्या गॅझेटिअरसारख्या ग्रंथात तालुक्याची माहिती असते, पण ती पुस्तकाच्या पोटात.

जाता जाता, त्या दुसऱ्या कारंजाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कॅटलॉगचीच आहे. तिथल्या जैन भांडारांमध्ये शेकडो वर्षं हस्तलिखितं जपून ठेवलेली होती, पण बाहेरच्या फार कमी अभ्यासकांना त्यांचा पत्ता होता. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरात छापली गेली. तिच्यात कारंजाच्या पोथ्यांची नोंद आली. पुढच्या काही वर्षांत पुष्पदंत या दहाव्या शतकातल्या कवीचे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून छापून बाहेर आले. ‘जसहरचरिउ’ १९३१ साली प. ल. वैद्यांनी, तर ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली हिरालाल जैन यांनी संपादित केलं. पोथ्या तिथंच होत्या. सूचीत आल्यावर त्या अभ्यासकांना सापडल्या.

पुस्तक सापडलं, आता तो नंबर कसा वाचायचा?

नोंदीत ‘कॉल नंबर’ नावाची ओळ असते. तो तुमच्या पुस्तकाचा पत्ता. फोटो काढा किंवा लिहून घ्या, कारण कपाटाजवळ गेल्यावर तोच लागतो.

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली आणलेली दशांश पद्धत वापरतात. तिच्यात सगळं ज्ञान ००० ते ९९९ मध्ये बसवलंय. काही कामाचे नंबर:

- ३२० राज्यशास्त्र
- ३३० अर्थशास्त्र
- ३७० शिक्षण
- ५१० गणित
- ५४० रसायनशास्त्र
- ५८० वनस्पतीशास्त्र
- ६३३.५१ कापूस
- ६३४.३१ संत्री
- ६५७ हिशेबशास्त्र
- ८९१.४६ मराठी साहित्य (८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी)
- ९५४ भारताचा इतिहास

संत्र्याचा पट्टा आणि कापसाचा जिल्हा म्हटल्यावर यातले दोन नंबर तर कारंजाच्या पोरांना पाठच असायला हवेत.

इथं एक गोष्ट चुकते. हे आकडे दशांशाचे आहेत. त्यामुळं ६३४.३१ हे पुस्तक ६३४.४ च्या आधी येतं. ३१ मोठे म्हणून पुढच्या कपाटात शोधायला गेलात तर मिळणार नाही. नंबरच्या खाली जी दोन-तीन अक्षरं असतात ती बहुतेक वेळा लेखकाच्या आडनावाची. एकाच नंबरची पुस्तकं त्या अक्षरांच्या क्रमानं लावलेली असतात.

आणि पुस्तक मिळालं की लगेच निघू नका. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पाच-पाच पुस्तकं चाळा. एका विषयाची पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, त्यामुळं यादीत नसलेलं पण जास्त उपयोगाचं पुस्तक तिथंच हाती लागू शकतं. काही कॉलेजांत कपाटांपर्यंत जायची मुभा नसते. तिथं कॉल नंबर आणि दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून देवघेव काउंटरला द्यायचा.

नोंदीसमोरचे शब्द काय सांगतात?

- उपलब्ध: पुस्तक कपाटात असायला हवं. नसेल तर कुणीतरी चुकीच्या जागी ठेवलंय किंवा कुणी वाचनकक्षात घेऊन बसलंय. काउंटरवर सांगा.
- इश्यूड: कुणीतरी घरी नेलंय. परतीची तारीख बघा आणि आपलं नाव नोंदवून ठेवता येतं का विचारा.
- संदर्भ: घरी नेता येत नाही, तिथंच बसून वाचायचं. शब्दकोश, विश्वकोश, गॅझेटिअर यात येतात.
- प्रती: एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर एक इश्यू झाली म्हणून परत फिरू नका. बाकीच्या चार बघा. जुनी आवृत्तीही बघा, कविता-कादंबरीला तिनं फरक पडत नाही. कायदा आणि करप्रणालीला मात्र पडतो.

खरंच नसेल तर?

आता बाहेर शोधा. कारंजाहून नागपूर साधारण ७५-८० किलोमीटर, त्यामुळं एसटीत बसायच्या आधी हे करा.

- दुसऱ्या ग्रंथालयाचा ओपॅक घरूनच बघा. अनेक विद्यापीठांचे ओपॅक इंटरनेटवर खुले असतात. वर्ध्यात १९९७ साली स्थापन झालेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. त्याचं केंद्रीय ग्रंथालय राहुल सांकृत्यायन यांच्या नावानं आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला बसून वाचायची परवानगी हवी असेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांकडून पत्र घेऊन, आधी फोन करून जा.
- एन-लिस्ट. इन्फ्लिबनेटची कॉलेजांसाठीची योजना. तुमच्या कॉलेजनं नोंदणी केली असेल तर ग्रंथपाल तुम्हाला युजरनेम-पासवर्ड मिळवून देतात आणि हजारो ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं मोबाइलवर वाचता येतात. अनेकांना आपल्या कॉलेजकडे हे आहे, हेच माहिती नसतं. विचारा.
- शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध इथं मोफत वाचता येतात, नागपूर विद्यापीठाचेही. वर्धा जिल्ह्यातला कापूस, संत्रा, सहकार, बचत गट असं काही शोधून बघा. प्रबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूची म्हणजे तुमच्या विषयाची तयार यादी. ती घेऊन परत आपल्या ओपॅकवर या.
- नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. आयआयटी खरगपूर चालवते. नोंदणी मोफत.
- मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळ. विश्वकोशाचे २० खंड ऑनलाइन मोफत आहेत. मंडळाच्या संकेतस्थळावरही मंडळाची अनेक पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात.
- गावचं सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं. कादंबऱ्या, चरित्रं, जुनी मराठी पुस्तकं कधी कधी कॉलेजपेक्षा तिथंच लवकर सापडतात. तिथं ओपॅक नसेल, रजिस्टर असेल. तोही कॅटलॉगच.

शेवटचा उपाय, जो पहिला असायला हवा

ग्रंथपालांना विचारा. पण “सर, शेतीवर काही आहे का?” असं नको. “सर, सेकंड सेमला समाजशास्त्राची असाइनमेंट आहे, फुल्यांचं असूड हवंय. फुले टाकून बघितलं, आडनावानंही बघितलं, मिळालं नाही. समग्र वाङ्मय आहे का?” असं विचारलं की काम दोन मिनिटांत होतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्यातला चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. म्हणजे तुम्हाला मदत करणं हे ग्रंथपालांचं कामच आहे, तुम्ही त्यांना त्रास देत नाही. आणि नोंद चुकलेली दिसली तर तीही सांगा. ‘वाड्मय’चं ‘वाङ्मय’ झालं की तुमच्या मागून येणाऱ्या पोराला ते पुस्तक पहिल्या फटक्यात सापडेल.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. अभ्यासक्रमाच्या शेवटची संदर्भग्रंथांची यादी सोबत घ्या.
२. पूर्ण नाव नको, एकच ठळक शब्द टाका.
३. लेखक आडनावानं शोधा, उपाध्या गाळा, टोपणनाव तपासा.
४. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत बघा.
५. समग्र आणि निवडक वाङ्मय तपासा.
६. एक पुस्तक सापडलं की त्याच्या ‘विषय’ ओळीवरून पुढं जा.
७. कॉल नंबर लिहून घ्या, शेजारची पुस्तकं चाळा.
८. नाहीच मिळालं तर ग्रंथपालांना सांगा, काय काय करून बघितलं तेही सांगा.

एवढं सगळं करूनही नाही सापडलं, तर मग खुशाल म्हणा, “आमच्या लायब्ररीत ते पुस्तक नाही.” आणि ते मागवण्यासाठी ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या.